यंत्राची किंमत आणि यंत्राचा खर्च

वाशीम जिल्ह्यांतील कारंजा तालुक्यांत कामरगांव म्हणून एक गांव आहे. तेथील एका लहान पतसंस्थेचा हिशेब पाहणारे आमचे एक स्नेही गेल्या पावसाळ्यांत आमच्याकडे उतरले असतां संगणकांचा विषय निघाला. संस्थेला नवीं यंत्रें घ्यावयाचीं होतीं, आणि दोन विक्रेत्यांचीं दरपत्रकें त्यांच्या पिशवींत होतीं. एकाचें यंत्र विंडोज प्रणालीवर चालणारें; हिशेबाचा कार्यक्रम त्याच विक्रेत्याचा, आणि त्याचा परवाना दरसाल पैसे भरून नवा करून घ्यावयाचा. दुसऱ्याचें यंत्र लिनक्सवर चालणारें. तेथें परवान्याला पैसा नाहीं, परंतु देखभालीचा करार निराळा. आम्ही मोठ्या उत्साहानें कागद घेऊन पांच वर्षांच्या खर्चाची मांडणी करूं लागलों. ती पाहून ते हंसले आणि आपल्या वऱ्हाडी थाटांत म्हणाले, "भाऊ, घेतांना सस्तं कोणतं, ते तर दुकानदारच सांगते. सोडतांना किती लागतीन, ते सांगा ना!"

या प्रश्नानें आम्ही क्षणभर निरुत्तर झालों. दरपत्रकांत खरेदीची किंमत असते, देखभालीची असते, कर असतो, वाहतूक असते. परंतु एक यंत्र टाकून दुसरें घेतांना जुने हिशेब नव्यांत नेण्यास काय पडेल, माणसांना पुन्हां शिकविण्यांत किती महिने जातील, आणि जी कंपनी आज हात जोडून दारांत उभी आहे ती दहा वर्षांनीं कोठें असेल, याचा आंकडा कोणत्याहि दरपत्रकांत नसतो. तो होऊन गेलेल्या व्यवहारांतूनच शोधावा लागतो. म्हणून दरपत्रकें बाजूस सारून इतिहासाकडे वळण्याचें आम्हीं ठरविलें.

वऱ्हाडच्या माणसाला या इतिहासासाठीं फार दूर जावें लागत नाहीं. मूर्तिजापुराहून कारंजा व दारव्हा या गांवांवरून यवतमाळपर्यंत सुमारें ११३ किलोमीटर लांबीचा एक अरुंद लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभीं घालण्यांत आला. लोकांत तो 'शकुंतला' या लाडक्या नांवानें प्रसिद्ध आहे. मुंबईहून नागपुराकडे जाणारा मुख्य मार्ग साडेपांच फूट रुंदीचा, आणि हा अडीच फुटांचा. अरुंद मार्गाला रूळ हलके लागतात, पूल लहान पुरतात, वळणें आंखूड घेतां येतात, जमीन थोडी अडते. म्हणून बांधतांना तो स्वस्त पडतो. इंग्रज भांडवलदारांनीं व किलिक निक्सन या मुंबईच्या पेढीनें हा हिशेब केला, आणि त्या दिवसापुरता तो चुकीचा होता असें आमच्यानें म्हणवत नाहीं. यवतमाळकडचा कापूस मूर्तिजापुरास आणून पोंचवावा, एवढेंच त्या गाडीकडून अपेक्षित होतें. परंतु मूर्तिजापुरास दोन्ही मार्गांचीं मापें जुळत नव्हतीं, आणि त्यामुळें मुंबईस जाणारी प्रत्येक गांठ एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावी लागे. या हमालीचा व वेळेचा खर्च बांधकामाच्या अंदाजांत मावण्यासारखा नव्हता. तो रोज थोडा थोडा, आणि ज्यांनीं मार्ग बांधला त्यांच्या नव्हे तर ज्यांनीं माल पाठविला त्यांच्या खिशांतून, पिढ्यान् पिढ्या होत राहिला.

तरीहि भरंवशाच्या बाबतींत याच मार्गाची साक्ष अगदीं उलट पडते. १९२१ सालीं मँचेस्टर येथें तयार झालेलें वाफेचें इंजिन या मार्गावर १९९४ च्या एप्रिल महिन्यापर्यंत गाडी ओढीत होतें. सत्तर वर्षें कामावर राहणारें यंत्र आजच्या व्यापारांत कोणी पाहिलें आहे काय? वाफेचें इंजिन उघडून पाहतां येतें. त्याचा झिजलेला भाग कोठल्याहि बऱ्या कारखान्यांत घडवून बसवितां येतो. आणि तें कसें चालतें हें एका फिटराला दुसऱ्या फिटरापासून शिकतां येतें. आतां त्या रुळांवरून गाड्या धांवत नाहींत. परंतु मार्ग अरुंद असल्यामुळें होणारा त्रास वेगळा व इंजिन साधें असल्यामुळें मिळणारी शाश्वती वेगळी, हा भेद ध्यानांत ठेवूनच पुढें गेलें पाहिजे. कारण संगणकांच्या वादांत या दोन गोष्टी नेहमीं एकमेकींत मिसळल्या जातात.

इंग्रजींत ज्याला प्लॅटफॉर्म म्हणतात, म्हणजे यंत्राची घडण, तिच्यावर चालणारी मूळ प्रणाली आणि त्या प्रणालीसाठीं लिहिलेले कार्यक्रम या तिहींचा मेळ, त्याला या लेखांत आम्ही 'घराणें' म्हणणार आहों. गाण्याच्या घराण्यांत एकाची चीज दुसऱ्याला आपल्या ढंगानें कां होईना, पण गातां येते. संगणकाच्या घराण्यांत पुष्कळदां तेवढेंहि साधत नाहीं.

आपल्या देशांत व्यापारी कामासाठीं पहिला संगणक आला तो मुंबईस, १९६१ सालीं, एस्सो या तेलकंपनींत. (टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत टिफ्रॅक हें येथेंच घडविलेलें यंत्र त्यापूर्वीं एक वर्ष पुरें झालें होतें, पण तें शास्त्रज्ञांचें यंत्र, कीर्दखतावणीशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता.) एस्सोचें यंत्र आय.बी.एम. कंपनीचें १४०१ या क्रमांकाचें होतें. हें यंत्र अमेरिकेंत १९५९ सालीं जाहीर झालें आणि पाहतां पाहतां बारा हजारांहून अधिक तयार झालीं. त्याची स्मरणशक्ति जास्तींत जास्त सोळा हजार अक्षरांची, म्हणजे हा लेखहि तींत मावणें कठीण. तें बहुधा विकत दिलें जात नसे. अमेरिकेंत त्याचें भाडें दरमहा अडीच हजार डॉलरांपासून सुरू होई. भाड्यांत देखभाल आलीच. यंत्र बिघडलें कीं कंपनीचा माणूस येई आणि तें सुरू करून जाई. गिऱ्हाइकाला वाटे कीं आपल्या गळ्यांत कांहीं पडलेलें नाहीं, आज नको वाटलें तर उद्यां परत देऊं. परंतु यंत्र परत देतां आलें तरी त्यासाठीं लिहिलेले कार्यक्रम परत देऊन काय मिळणार? पगारपत्रकें, देणेंघेणें, मालाचा सांठा या सगळ्यांचे कार्यक्रम १४०१ च्या भाषेंत लिहिलेले. ते लिहिण्यांत माणसांचीं वर्षें गेलेलीं. यंत्र भाड्याचें होतें, पण बेडी स्वतःच्या पैशांनीं घडविलेली होती.

ही गोष्ट प्रतिस्पर्ध्यांनीं लवकरच ओळखली. १९६३ च्या डिसेंबरांत हनीवेल कंपनीनें आपलें २०० क्रमांकाचें यंत्र बाजारांत आणलें, आणि त्याबरोबर १४०१ चे कार्यक्रम आपल्या यंत्रावर उतरवून देणारें साधन दिलें. त्याचें नांव ठेवलें 'लिबरेटर', म्हणजे मुक्तिदाता! व्यापाराच्या इतिहासांत इतकें प्रामाणिक नांव क्वचितच कोणीं ठेवलें असेल. आमचें यंत्र अधिक वेगवान आहे एवढ्यावर न थांबतां, तुम्हांला सुटतां येईल हेंच त्यांनीं विकावयास काढलें होतें. पुढच्याच वर्षीं, १९६४ च्या ७ एप्रिलास, आय.बी.एम.नें सिस्टिम ३६० हें नवें घराणें जाहीर केलें. लहानमोठीं अनेक यंत्रें, परंतु एकीसाठीं लिहिलेला कार्यक्रम दुसरीवर चालावा अशी त्यांची रचना. त्या घराण्यांतील लहान यंत्रांत जुन्या १४०१ चें सोंग घेण्याचीहि सोय होती, म्हणजे जुनें गिऱ्हाईक आपले जुनेच कार्यक्रम घेऊन नव्या घरांत येऊं शकत होतें. या घराण्याचे वंशज आजहि मोठमोठ्या बँकांतून कामावर आहेत, आणि साठ वर्षांपूर्वीं लिहिलेले कार्यक्रम त्यांवर चालूं शकतात. हें यंत्र महाग खरें. परंतु जुन्या कामाचा मान राखणारें म्हणून लोकांनीं त्याची किंमत मोजली, आणि आमच्या मतें तींत फारसे फसले नाहींत.

भारतांतील गिऱ्हाइकाच्या वांट्याला मात्र निराळें आलें. अमेरिकेंत भाड्यावरून परत आलेलीं १४०१ यंत्रें येथें आणून, मुंबईच्या कारखान्यांत दुरुस्त करून, पुन्हां भाड्यानें दिलीं जात. बाहेर तीं जुनाट ठरलीं होतीं, आपल्याकडे तीं नवलाचीं होतीं. संसदेच्या लोकलेखा समितीनें १९७५-७६ च्या सुमारास या व्यवहारावर कडक टीका केली, आणि ती वाचतां अजूनहि मनुष्य चिडल्यावांचून राहत नाहीं. पण येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. जुनीं असलीं तरी तीं यंत्रें चालत होतीं, आणि तीं चालविणारे व दुरुस्त करणारे शेंकडों भारतीय तंत्रज्ञ त्या निमित्तानें तयार झाले. त्यांचें मोल पुढें कळलें.

१९७३ च्या परकी चलन नियमन कायद्यानें परदेशी कंपन्यांना आपला भाग चाळीस टक्क्यांवर आणण्यास सांगितलें. आय.बी.एम.ला तें मान्य झालें नाहीं, आणि १९७८ सालीं ती भारतांतून निघून गेली. ज्यांच्या कचेऱ्यांत तिचीं यंत्रें होतीं त्यांची त्या दिवशीं काय अवस्था झाली असेल! सावकारच गांव सोडून गेला, आणि वह्या त्याच्या खुणांनीं भरलेल्या. तथापि कारभार बंद पडला नाहीं. सरकारनें १९७५ सालींच कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन ही संस्था स्थापन केली होती, तिनें आय.बी.एम.च्या यंत्रांची देखभाल अंगावर घेतली, आणि पुढें निरनिराळ्या कंपन्यांचीं यंत्रें दुरुस्त करण्यांत हातखंडा मिळविला. आय.बी.एम.च्या जुन्या नोकरांपैकीं कांहींनीं आय.डी.एम. नांवाची कंपनी काढली. म्हणजे कंपनी गेली, माणसें राहिलीं, म्हणून यंत्रें चालत राहिलीं. १९९२ सालीं आय.बी.एम. टाटांच्या भागीदारीनें परत आली, तेव्हां मधल्या चौदा वर्षांत येथलें जग बदलून गेलें होतें. कोणत्या घराण्याचें यंत्र भरंवशाचें, असें कोणीं विचारलें म्हणजे आम्हांला हें १९७८ साल आठवतें. कारखान्याच्या पत्रकांत छापलेला भरंवसा एक. आणि कंपनीनें पाठ फिरविल्यावर पंचक्रोशींत यंत्र उघडणारा हात आहे कीं नाहीं, हा दुसरा.

या बेडीवर तोड काढण्याचे प्रयत्न गिऱ्हाइकांनीं व विद्वानांनींहि केले. १९६० च्या डिसेंबरांत कोबॉल या भाषेंतील एकच कार्यक्रम अमेरिकेंत दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यांत आला. युनिक्स ही प्रणाली १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत जन्मली, आणि १९७३ सालीं ती सी या भाषेंत पुन्हां लिहिली गेल्यावर एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याजोगी झाली. १९८०-९० या दशकांत आपल्याकडील बँकांत रंगराजन समितीच्या शिफारशींनीं यंत्रें येऊं लागलीं तेव्हां युनिक्सला पसंती मिळाली ती याच गुणामुळें; यंत्र कोणाचेंहि असो, प्रणाली ओळखीची असावी. आय.बी.एम.च्या जाण्यानें ज्यांचे हात पोळले होते त्यांनीं ताकहि फुंकून प्यावें, हें स्वाभाविकच होतें.

यानंतर मेजावरचे लहान संगणक आले आणि हिशेब अधिकच घोंटाळ्याचा झाला. यंत्र पूर्वीपेक्षां पुष्कळच स्वस्त. पण तें वापरणारीं माणसें, शिकविणें, बिघाड, वाया गेलेले तास यांचा खर्च मोठा. १९८७ सालीं गार्टनर या अमेरिकन संस्थेनें हा सगळा खर्च एकत्र मांडण्याची पद्धत रूढ केली, आणि खरेदीची किंमत ही एकूण खर्चाचा लहानसा भाग असते, हें व्यापाऱ्यांच्या ध्यानांत आलें. कल्पना उत्तम होती. परंतु तिचा उपयोग लवकरच विक्रेत्यांनीं आपल्याकडे ओढून घेतला. २००४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टनें, लिनक्स फुकट असलें तरी शेवटीं विंडोजच स्वस्त पडतें, असें दाखविणाऱ्या अभ्यासांची मोठी मोहीम चालविली. त्यांतील कित्येक अभ्यासांचा खर्च तिनेंच सोसला होता. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. उलट पक्षाचे भक्तहि कमी नव्हते. परवान्याला पैसा लागत नाहीं म्हणजे कांहींच लागत नाहीं, असें सांगत ते फिरत. आणि लिनक्स सांभाळणारा माणूस तालुक्याच्या गांवीं कोठून आणावयाचा, या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर नसे.

बंद पडलेल्या प्रत्येक मिनिटाला जेथें रुपयांत किंमत आहे अशी जागा म्हणजे शेअरबाजार. मुंबईस याचें एक दुर्मिळ उदाहरण घडलें, कारण तेथें एकाच शहरांत, एकाच काळीं, एकाच धंद्यासाठीं दोन प्रतिस्पर्धी घराण्यांचीं यंत्रें बसलीं. नॅशनल स्टॉक एक्स्चेंजनें १९९४ सालीं समभागांचे व्यवहार सुरू केले ते स्ट्रॅटस कंपनीच्या यंत्रांवर. मुंबई शेअर बाजार १८७५ चा जुना. त्यानें १९९५ च्या मार्चांत आरडाओरडीचा जुना खेळ मोडून बोल्ट ही पद्धत आणली, ती टॅन्डेम कंपनीच्या यंत्रांवर, आणि तिची उभारणी केली पूर्वोक्त कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशननें. स्ट्रॅटस व टॅन्डेम या दोघांचाहि धंदा एकच: न थांबणारें यंत्र विकणें. एक भाग निकामी झाला तर दुसरा जुळा भाग तत्क्षणीं काम हातीं घेतो, आणि बाहेरच्या माणसाला पत्ताहि लागत नाहीं. अर्थात् एका कामासाठीं दोन यंत्रांचे पैसे मोजावे लागतात. परंतु बाजारानें ते आनंदानें मोजले. पुढें टॅन्डेम १९९७ सालीं कॉम्पॅकनें विकत घेतली, आणि २००२ सालीं कॉम्पॅकच ह्यूलेट-पॅकार्डमध्यें विलीन झाली. कधीं न थांबणाऱ्या यंत्रांची कंपनी स्वतः मात्र दोनदां दत्तक गेली.

इतकी काळजी घेऊनहि काय झालें पाहा. २०२१ च्या २४ फेब्रुवारीस सकाळीं ११ वाजून ४० मिनिटांनीं नॅशनल स्टॉक एक्स्चेंजचे व्यवहार थांबले, आणि ते पुन्हां सुरू झाले दुपारीं पावणेचार वाजतां. संकटसमयीं काम हातीं घेण्यासाठीं दुसऱ्या शहरांत केंद्र उभें होतें, तेंहि त्या दिवशीं उपयोगी पडलें नाहीं. एक्स्चेंजनें दूरसंचाराच्या तारांकडे बोट दाखविलें. म्हणजे पोटांतलीं यंत्रें जुळीं, आणि बिघाड आला तो जोडणींतून! मूर्तिजापूरचीच ही गोष्ट. डबे दोन्ही धडधाकट असतात, माल अडतो तो फलाटावर.

घराण्यांच्या भांडणाचा सर्वांत गाजलेला खटला लंडनचा. तेथील शेअरबाजारानें सुमारें चार कोटि पौंड खर्चून ट्रेडइलेक्ट ही नवी व्यवस्था २००७ सालीं सुरू केली, ती मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीवर. मायक्रोसॉफ्टनें तिची जाहिरातहि जोरांत केली. २००८ च्या ८ सप्टेंबरास, अमेरिकेंतील दोन प्रचंड गहाणकर्ज संस्था सरकारनें ताब्यांत घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, जगभर व्यवहारांची लाट उसळली असतां, लंडनचा बाजार सुमारें सात तास बंद पडला. दोष प्रणालीचा कीं तिच्यावर लिहिलेल्या कार्यक्रमांचा, यावर पुष्कळ वाद झाला. शेवटीं बाजारानें २००९ सालीं श्रीलंकेची मिलेनियमआयटी ही अख्खी कंपनीच सुमारें १ कोटि ८० लक्ष पौंडांस विकत घेतली, आणि २०११ च्या फेब्रुवारींत तिच्या लिनक्सवरील व्यवस्थेकडे मोर्चा वळविला. लिनक्सचे भक्त येथपर्यंतच गोष्ट सांगतात. परंतु त्याच महिन्याच्या २५ तारखेस नवी व्यवस्थाहि सुमारें चार तास बंद पडली होती, हेंहि सांगितलें पाहिजे. आम्हांला या खटल्यांत निराळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. जी व्यवस्था चार कोटींस दुसऱ्यांकडून करवून घेतली होती ती सोडतांना त्या शहाण्या व्यापाऱ्यांनीं दुसरी व्यवस्था विकत न घेतां ती घडविणारीं माणसेंच विकत घेतलीं, आणि तींहि निम्म्याहून कमी पैशांत.

हें सगळें मोठ्यांचें झालें. लहान गांवांत याच प्रश्नाचें रूप कसें दिसतें तें बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रावरून कळतें. अशा यंत्रांतील लोखंड, पेट्या, नोटा मोजणारीं चाकें दहापंधरा वर्षें सहज टिकतात. आंतील प्रणाली मात्र बहुतेक ठिकाणीं विंडोज एक्सपी, म्हणजे २००१ सालची; आणि तिची देखभाल मायक्रोसॉफ्टनें २०१४ च्या ८ एप्रिलास थांबविली. तरीहि तीं यंत्रें तशींच चालू राहिलीं. अखेर रिझर्व्ह बँकेला २०१८ च्या जूनमध्यें बँकांना फर्मान काढावें लागलें कीं, एका वर्षाच्या आंत सगळीं यंत्रें नव्या प्रणालीवर न्या. लोखंड चांगलें होतें, पण प्रणालीच्या मालकाची इच्छा संपली होती. १९७८ सालीं कंपनी देश सोडून गेली; येथें कंपनी जागच्या जागींच होती, फक्त तिनें एका जुन्या गिऱ्हाइकाशीं बोलणें सोडलें. खर्च दोन्हींकडे सारखाच, आणि दोन्हींकडे दरपत्रकांत न लिहिलेला.

मराठी माणसाला या बेडीचा सर्वांत जिव्हारीं लागणारा अनुभव आला तो लिपींत. संगणकावर मराठी अक्षरें उमटूं लागलीं तेव्हां प्रत्येक अक्षरसंच विकणाऱ्यानें आपली निराळी मांडणी केली. एकाचा 'क' ज्या खणांत, दुसऱ्याचा 'श' त्याच खणांत. भारतीय लिपींसाठीं सरकारी प्रमाण १९९१ सालीं ठरलें होतें आणि युनिकोडची पहिली आवृत्तिहि त्याच वर्षीं निघाली होती. परंतु विंडोजमध्यें देवनागरीची अंगभूत सोय आली ती २००० सालीं, आणि ती छापखान्यांच्या व कचेऱ्यांच्या अंगवळणीं पडण्यास आणखी कित्येक वर्षें गेलीं. मधल्या काळांत जें लिहिलें गेलें तें ज्याच्या त्याच्या अक्षरसंचांत अडकून राहिलें. आमच्याच संग्रहांतील १९९८ च्या सुमारचे कांहीं लेख परवां उघडून पाहिले. ज्या तबकड्यांवर ते ठेवले होते त्या वाचणारें यंत्र मोठ्या मुष्किलीनें मिळालें. आणि पडद्यावर काय आलें, तर इंग्रजी अक्षरें, चिन्हें व आंकडे यांची भेळ! विक्रेता कधींच धंदा गुंडाळून गेलेला. त्या लेखांपैकीं ज्यांच्या छापील प्रती होत्या ते उरले, बाकीचे गेले.

तेव्हां आम्हांला पुण्याच्या पेशवे दप्तराची आठवण झाली. तेथें मोडींतले कोट्यवधि कागद हजारों रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. त्यांची शाई अजून काळी आहे, कागद बव्हंशीं शाबूत आहे. म्हणजे यंत्र म्हणून पाहिलें तर भरंवशाची अगदीं पराकाष्ठा. परंतु छापखान्याला बाळबोध सोयीची पडली, मोडी मागें पडली, स्वातंत्र्यानंतर शाळांतूनहि ती गेली. आणि आज तो कागद वाचणारीं माणसें थोडीं. तरी मोडी पुन्हां शिकतां येते. शिकविणारीं पुस्तकें आहेत, वर्ग चालतात, आणि मेहनत घेतली तर सहा महिन्यांत मनुष्य जुना जमाखर्च वाचूं लागतो; कारण ती लिपि कोणाच्या मालकीची नव्हती. आमच्या तबकड्यांवरील लेखांची किल्ली मात्र एका दुकानदाराच्या खिशांत होती, आणि तो दुकान बंद करून गेला.

आतां पुन्हां कामरगांवाकडे. या भागांतील शेतकऱ्याचें पीककर्ज बहुधा गांवच्या सेवा सहकारी संस्थेमार्फत येतें, आणि तिचीं दप्तरें चुकलीं तर काय होतें तें २०१७ सालीं सगळ्या महाराष्ट्रानें पाहिलें. राज्य सरकारनें ३४,०२२ कोटि रुपयांची कर्जमाफी जाहीर केली, अर्ज संगणकावरून मागविले. आणि बँकांकडून आलेल्या माहितींत इतका गोंधळ निघाला कीं, लाभार्थींच्या याद्या पुन्हां तपासाव्या लागल्या. ज्याचें नांव अडकलें त्या शेतकऱ्याला, यंत्र विंडोजचें होतें कीं लिनक्सचें, हा वाद हास्यास्पद वाटला असेल. २०२२ च्या २९ जूनला केंद्र सरकारनें देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटि रुपयांची योजना मंजूर केली. सर्वांना एकच कार्यक्रम, आणि तो नाबार्डच्या देखरेखीखालीं. भागाकार केला तर दर संस्थेस सुमारें चार लाख रुपये येतात. एक माप सगळीकडे, हें चांगलेंच. मूर्तिजापूरच्या फलाटावरची हमाली त्यानें वांचेल. परंतु योजनेचीं पांच वर्षें संपल्यावर गांवांतील यंत्र उघडणारा हात कोणाचा आणि त्याचा पगार कोणाच्या खात्यांतून, हें आधींच ठरवून ठेवलें पाहिजे. एका मापाचा मार्ग जेथें अडतो तेथें सगळ्याच गाड्या अडतात. २०२४ च्या १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष फेरबदलानें जगांतील सुमारें ८५ लक्ष विंडोज यंत्रें एकदम बंद पडलीं, आणि आपल्या विमानतळांवर प्रवाशांना हातानें लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, हें फार जुनें नाहीं.

आमच्या स्नेह्यांची पतसंस्था या योजनेंत येत नाहीं. तिला आपलें आपणच घ्यावयाचें आहे. आम्हीं इतका सगळा इतिहास सांगितल्यावर ते कांहीं वेळ गप्प बसले, आणि मग दोन्ही दरपत्रकांच्या तळाशीं त्यांनीं स्वतःच्या हातानें एकेक ओळ वाढविली: संस्थेनें मागितल्यास सर्व खातेदारांचे संपूर्ण हिशेब कोणत्याहि यंत्रावर वाचतां येतील अशा साध्या स्वरूपांत, कोणतेंहि शुल्क न घेतां, काढून देण्यांत येतील काय? शिवाय दर महिन्याच्या अखेरीस खतावणी कागदावर छापून शिवून ठेवण्याचा खर्चहि त्यांनीं अंदाजांत धरला. कापडी बांधणीच्या वहीला काय पडतें तें त्यांना तोंडपाठ होतें. दरपत्रकें दोघांनाहि परत गेलीं. एका विक्रेत्याचें उत्तर आठ दिवसांत आलें. दुसऱ्यानें, आमचा माणूस येऊन समक्ष बोलेल, असें कळविलें आहे. तो माणूस अद्याप कामरगांवास पोंचलेला नाहीं.